माझी नडगी आणि उमरखेडचे लाडू

श्री. चंद्रशेखरराव यांस मुकुटबनहून तुमच्या भाऊजीचा रामराम. तुमची, घरच्यांची आणि व्यायला आलेल्या म्हशीची प्रकृती उत्तम असावी. माझी नाही, आणि त्याला कारण तुम्ही आहात. तुमची बहीण वच्छला बारा दिवसांपासून तुमच्याकडे येऊन बसली आहे, काहीएक कारण नसताना. असो.

जुलैत शेताच्या धुऱ्यावरून घसरून माझी नडगी मोडली, हे तुम्हाला ठाऊक आहे (पाहायला आलात आणि माझ्यापेक्षा सोयाबीनचीच जास्त चौकशी करून गेलात). वर हाड जुळावं म्हणून कंडक्टरच्या हाती डिंकाच्या लाडवांचे डबे पाठवलेत. एक नाही, तीन! अहो, साखरेच्या पेशंटला गुळाचे लाडू? चार महिने झाले, हाड जुळायचं नाव घेत नाही. यवतमाळच्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की हाड मोडलं म्हणजे रक्तातल्या काही पांढऱ्या पेशी पडझड साफ करायला धावतात, आणि काम झालं की दुसऱ्या पेशी त्यांना आवरतात. साखर वाढली की हा तोल जातो. म्हणजे जुनी भिंत पाडायला आलेले मजूर हलायला तयार नाहीत, आणि हाड बांधणारा गवंडी बाहेर तंबाखू मळत बसला आहे. माझ्या पायात, मला न विचारता! मी चिडून म्हणालो, त्यांना हाकलायचं औषध द्या. त्या म्हणाल्या, आधी साखर आवरा (एवढं शिकून शेवटी वच्छलाचंच बोलल्या). त्यातून मागच्या तीन महिन्यांची साखर सांगणारी एक तपासणी निघाली आहे. असली चुगलखोर तपासणी सरकारने बंद करावी. ती पाहून त्यांनी विचारलं, गोड कोण खाऊ घालतं? मी उत्तर दिलं. झालं! "आता तुमचं तुमी पाहा, मी चालली," म्हणत तुमची बहीण मला लेकाच्या हवाली करून थेट उमरखेडच्या गाडीत बसली. मंगळवारी पुन्हा हाडाचा फोटो आहे. हाडाने धरलं नसेल तर पायात सळई टाकणार. हे सगळं तुमच्या लाडवांनी केलं. यापुढे तुमचा-आमचा संबंध संपला.

संतापलेला,
रामराव

ता. क. डॉक्टरीणबाईंना मी वच्छलाचं नाव सांगितलं होतं. ती बिचारी भाकर आणि कारलंच वाढत होती. लाडू पाहुण्यांना वाटले असं मी तिला सांगितलं, आणि डबे खाटेखालच्या पेटीत सातबाऱ्याखाली ठेवले.

ता. क. दुसरा. मला सळईची भीती वाटते, चंद्रशेखर. मंगळवारी तिला यवतमाळला घेऊन या. माझ्याशी बोलली नाही तरी चालेल. डॉक्टरीणबाईंना तिने सगळं खरं सांगावं, मी चारचौघांत हो म्हणतो. फक्त मला आत नेतील तेव्हा ती तिथे असावी.