आठवड्याला तीन ‘नाही’

दिंद्रुड, ता. माजलगाव, जि. बीड
मंगळवार, १९ मे, सकाळी ७ वाजून १० मिनिटे (लाईट आहे)

आदरणीय अर्जुनराव यांस,

दिंद्रुडहून भगवानरावाचा रामराम. आम्ही इकडे ठीक आहोत. तुम्ही तिकडे पुण्यात ठीक असाल असे समजतो. नसाल तर कोण नाही आणि कधीपासून, ते स्पष्ट लिहावे. मागच्या वेळी ‘सगळे मजेत’ असे कळवलेत आणि आठव्या दिवशी तुमच्या उजव्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले. (डाव्या, असे तुमची बहीण म्हणते. मी उजवा लिहून ठेवला आहे. जो असेल तो बरा होवो.) सत्यशीलावहिनींना नमस्कार सांगावा. त्यांनी पाठवलेले लोणचे पोचले. बरणीचे झाकण मात्र अगोदर कोणीतरी उघडून बसवल्यासारखे वाटले, कारण आटे एक घर चुकले होते. असो.

हे फोनवर बोलता आले असते असे तुम्ही म्हणाल. नाही. फोनवर तुम्ही माझे वाक्य पुरे होऊ देत नाही, आणि तुमची बहीण स्वयंपाकघरातून अर्धे ऐकून पूर्ण उत्तर देते. शिवाय ज्या विषयावर लिहायचे आहे तो विषय घरी शेजारच्याच खोलीत असतो. म्हणून दुकानात येऊन, शटर अर्धे खाली ओढून लिहीत आहे. पाकीट जिथे चिकटवले आहे तिथे माझी आडवी सही आहे. ती मोडलेली दिसली तर पोस्टमनसमोरच पंचनामा करावा.

विषय तुमची भाची दीपमाला. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट म्हणून तिला तीन वर्षे झाली, हे तुम्हाला ठाऊक आहे. मागच्या दिवाळीत तुम्ही तिला एक जाडजूड डायरी भेट दिलीत, जिच्या पहिल्याच पानावर ‘माझी उद्दिष्टे’ असे छापले होते, हे मला ठाऊक आहे. त्यानंतर तुम्हीच तिच्यासाठी स्थळ काढलेत. एका हाताने डायरी आणि दुसऱ्या हाताने नवरा देणारा माणूस नेमका कोणाच्या बाजूचा, हा प्रश्न मी मनात ठेवला आहे. उत्तराची घाई नाही.

तर झाले असे की महिन्यापूर्वी तिच्या कपाटाची बिजागरी करकरत होती. मी तेल घालायला गेलो. (कपाट उघडण्याचा हेतू नव्हता. पण बंद दाराच्या बिजागरीत तेल नीट उतरत नाही, हे कोणत्याही सुताराला विचारावे.) दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलेला. वर लाल शाईत ‘३० जूनपर्यंत’ आणि खाली पाच ओळी. मी स्मरणशक्तीवर काम करत नाही. गेली पस्तीस वर्षे पंपाची जळालेली मोटार भरताना, म्हणजे जुनी तार काढून नवी गुंडाळताना, तार कापण्यापूर्वी प्रत्येक कॉइलचे टर्न (वेढे) मोजून, तारेचा गेज बघून रजिस्टरात उतरवतो, तसाच हा कागद उतरवला: एक, रोज पाच किलोमीटर पळणे. दोन, इंग्रजीत दहा मिनिटे न अडखळता बोलणे. तीन, ट्रॅक्टरची ट्रॉली रिव्हर्स लावणे. (कारखान्याच्या यार्डात ड्रायव्हर लोक हसले होते म्हणे. पण केमिस्टने ट्रॉलीला हात लावायचे कारण काय, हे कागदावर नव्हते.) चार, आठवड्यातून तीन वेळा ‘नाही’ म्हणणे. पाच, पुणे.

बस, पुणे. ना क्रियापद, ना कारण. पन्नास-साठ लाखांच्या शहरापुढे माझ्या मुलीने एक शब्दही खर्च केलेला नाही. मला तिथेच वास आला.

तपास ओळीने केला. पहिल्या ओळीसाठी मोटारसायकल काढली आणि पहाटे पाच चाळीसला, कालव्याच्या रस्त्यावर, ती पळत असताना तिच्या मागे चाळीस पावलांचे अंतर ठेवून पहिल्या गिअरमध्ये चालवत राहिलो. पाच किलोमीटर पहिल्या गिअरमध्ये कोणीही चालवू नये. तिसऱ्या किलोमीटरला क्लच प्लेटचा वास सुटला. ती कोणाशी तरी बोलत होती हे मी स्वतःच्या कानांनी ऐकले, पण समोर माणूस दिसेना. जवळ गेलो तर एकटीच इंग्रजीत बोलत होती, बहुधा दुसरी ओळ. ती थांबली, वळली आणि म्हणाली, “बाबा, पुढं तरी जा नाहीतर मागं तरी राहा. धूर लागायलाय.” एवढे बोलून पुन्हा पळू लागली. परतताना गाडी ढकलत आणावी लागली. वाटेत शेजारचा परमेश्वर भेटला आणि मी पोरीच्या पाळतीवर होतो का, असे त्याने आल्या-गेल्यासमोर विचारले. मी गाडीची ट्रायल घेत होतो असे सांगितले. त्यावर तो म्हणाला, “मग नापास झाली की ट्रायल.” हा माणूस पंपाची मोटार माझ्याकडूनच भरून घेतो. पुढच्या वेळी त्याला रांगेत उभा करणार आहे.

आता चौथी ओळ, कारण खरा घोटाळा तिच्यात आहे. ‘नाही’ म्हणण्याचे उद्दिष्ट ठेवणारी मुलगी मी पहिल्यांदाच पाहिली. कारण तपासले तेव्हा असे दिसले की गावात कोणाचाही ऑनलाईन फॉर्म असला की तो दीपमालेकडे येतो. पीकविमा, आधार, शिष्यवृत्ती, एवढेच काय, मागच्या गल्लीतल्या रुक्मिणीबाईंच्या जावयाचा तक्रारअर्जसुद्धा (तक्रार रुक्मिणीबाईंविरुद्ध होती). सुट्टीचा दिवस त्यात जातो, म्हणून तिने हे ठरवले असावे. त्या ओळीपुढे आठवड्यागणिक उभ्या रेघा होत्या. एका आठवड्यात तीन, पुढच्या आठवड्यात तीन. मी मोटारीचा माणूस. मोटारीच्या पाटीवर जो आकडा कोरलेला असतो तो तिची ताकद सांगतो. पाटीवर पाच हॉर्सपॉवर असेल तर पाचच, साडेसात मागितले की धूर. त्या हिशेबाने माझ्या लक्षात आले की आठवड्याला तीन ‘नाही’ खर्च झाले की ही मुलगी रिकामी.

तुम्ही काढलेल्या स्थळाची मंडळी परवा रविवारी, सतरा तारखेला यायची होती. त्याआधी तिचे तिन्ही ‘नाही’ संपवायचे, म्हणून सोमवारपासून मी कामाला लागलो. बुधवारी तिला म्हणालो, परमेश्वराच्या पुतण्याचा फॉर्म भरून दे. “न्हाई बाबा, त्याला शिकवते, त्याचा त्यानं भरू दे.” एक. गुरुवारी म्हणालो, चल, नारायणगडला जाऊन येऊ, आत्ताच्या आत्ता. “न्हाई, आज कामाय.” दोन. (देवाच्या नावाचा असा वापर केल्याबद्दल मी गडाकडे तोंड करून मनात क्षमा मागितली आहे.) तिसऱ्यासाठी मला श्रमही पडले नाहीत. शुक्रवारी तिच्या साहेबांनी फोन करून मुलाचा कॉलेजचा प्रोजेक्ट लिहून मागितला आणि तिने माझ्यासमोर नकार दिला. तीन. शनिवारी जपून राहिलो. चहासुद्धा विचारला नाही, न जाणो पुढच्या आठवड्याच्या खात्यातला एखादा ‘नाही’ आत्ताच ओढला गेला तर. तुमच्या बहिणीला विश्वासात घेऊन ही योजना सांगितली. ती भाकरी थापता थापता म्हणाली, “पस्तीस वर्षं मोटारी भरल्या, आता पोरगी भराया निघालेत.”

रविवारी अकरा वाजून वीस मिनिटांनी मंडळी आली. (वेळ अकराची होती.) मुलगा आदिनाथ, त्याचे चुलते अजिनाथराव, चुलती विमलबाई आणि एक ड्रायव्हर, ज्याची ओळख करून दिली नाही, पण पोहे त्यानेच पूर्ण खाल्ले. कालव्याखालची बागायत, दोन ट्रॅक्टर, कारखान्यात वजन, हे तुम्ही सांगितले होते ते खरे दिसते. मुलगा एकूण एकच वाक्य बोलला, ते म्हणजे, “वायफाय हाय का?” दीपमाला बाहेर आली. विमलबाई म्हणाल्या, “जरा दारापतूर चालून दाखव गं बाई.” दीपमाला म्हणाली, “न्हाई मावशी, आत्ता सैपाकघरातून चालतच आले की.”

मी हातावर बोट दाबले. चार. पाटीवर तीन असताना चार.

अजिनाथराव समजूतदारपणे म्हणाले, “नोकरीचं आमचं काय म्हणणं न्हाई. करू द्या दोन वर्षं, हौस फिटंस्तोवर. पुढं घरचंच लई हाय.” दीपमाला म्हणाली, “न्हाई काका, हौस म्हणून करत न्हाई मी.” पाच. आणि मग, अर्जुनराव, तिने ती पाचवी ओळ उलगडली. पुण्यात साखरेच्या तंत्राचा एक वर्षाचा कोर्स आहे, त्याची परीक्षा तिने दिली, नंबर लागला, आठ जुलैला हजर व्हायचे आहे, कारखाना जागा राखून ठेवणार आहे. परत आली की ती प्रयोगशाळेत रसाच्या बाटल्या मोजणार नाही, पूर्ण साखरघर (रस आटवून साखर करतात तो विभाग) तिच्या हाताखाली येऊ शकते. जागा सोडली तर पुन्हा परीक्षा. हे सगळे मी पाहुण्यांच्या बरोबरीने, ते बसले होते त्याच सतरंजीवर बसून, पहिल्यांदा ऐकले. मोटार माझ्या दुकानात आणि तिचा बिघाड मला गिऱ्हाइकाने सांगावा, तसे वाटले.

अजिनाथराव हसले. “कोर्स कशाला? डायरेक्टर लोक आमच्याकडं चहाला येतेत. एक चिठ्ठी दिली की तू परयोगशाळेची साहेब.” ती म्हणाली, “न्हाई.” सहा. तेव्हा ते माझ्याकडे वळले. “भगवानराव, तुमी तरी सांगा. तुमी बी कुठं काय शिकलात? चाललंच की तुमचं.”

मी उत्तर दिले. तुमची बहीण म्हणते ते उत्तर चौतीस मिनिटे चालले; माझ्या घड्याळात एकतीस झाली होती. एक्याण्णव सालच्या उन्हाळ्यात भंगारातून आणलेली जळकी मोटार, तिच्या एका कॉइलचे सेहेचाळीस टर्न मी कसे मोजले, पहिल्यांदा भरली तर उलटी फिरली, दुसऱ्यांदा गुरगुरली, तिसऱ्यांदा फ्यूज नेला आणि चौथ्यांदा पाणी आले, हे सर्व ओळीने सांगितले. शेवटी म्हणालो की मला कोणी शिकवले नाही हे खरे, पण मला कोणी चिठ्ठीही दिली नव्हती. शिकवणारा कोणी भेटला असता तर तीन मोटारी वाचल्या असत्या. मंडळी उठली. निरोप देताना मी ‘कळवतो’ एवढेच म्हणालो.

गाडी गेल्यावर मी दीपमालेला जाब विचारला. तीन झाले होते ना शुक्रवारी? मग रविवारी आणखी तीन कुठून आणलेस? ती म्हणाली, “तुमी कपाट उघडलं.” मी बिजागरी म्हणालो. ती म्हणाली, “बाबा, ते कमीत कमी होतं.” मी म्हणालो, आकडा लिहिला की तो जास्तीत जास्तच असतो, पाटी बघ. त्यावर ती शांतपणे म्हणाली, “आन् मेगरचं रीडिंग?” मेगर म्हणजे मोटारीची तार कुठे आत उघडी पडली नाही ना, हे तपासायचे यंत्र. त्याचे रीडिंग एका ठरलेल्या आकड्याच्या खाली गेले तर मोटार मी दुकानाबाहेर सोडत नाही. वर कितीही जावो, जितके वर तितके चांगले. हे तिला मीच शिकवले, ती सातवीत असताना, दुकानात दप्तर ठेवून बसायची तेव्हा. मी दुकानाची किल्ली उचलली. गिऱ्हाईक येणार होते.

एकूण मुलगी हाताबाहेर चालली आहे. घरात न सांगता परीक्षा देते, वडील माणसांना सहा वेळा नाही म्हणते आणि कागद कपाटात लपवते. (आता तो कागद बाहेर भिंतीवर लावला आहे. माझ्या तपासातला अर्धा रस त्यामुळे गेला.) या सर्वामागे पुण्याची फूस आहे असा माझा संशय आहे आणि पुण्यात आमचे तुमच्याशिवाय कोणी नाही. तुम्ही मामा आहात. तिला योग्य शब्दांत समज द्यावी, ही विनंती. गुडघ्याला जपावे.

आपला,
भगवानराव (मोटार रिवायंडिंग, बसस्टँडमागे)

ता. क. १ – अजिनाथरावांना तुमच्यामार्फत उत्तर जायचे आहे. लग्नानंतरच्या अठ्ठावीस वर्षांत मला तुमच्या तोंडावर एकदाही नाही म्हणता आलेले नाही. (तुमची ती जुनी स्कूटर मी कशी घेतली, आठवून बघा.) म्हणून लिहून कळवतो: नाही. ‘बघू’, ‘सवडीने’, ‘कोर्स झाल्यावर’ यांपैकी काहीही न जोडता एवढेच सांगावे. त्यांच्या पंपाची मोटार बिघडली तर दुकान उघडे आहे, हेही सांगावे.

ता. क. २ – कोर्सच्या जागेपासून जवळ मुलींचे एक वसतिगृह आहे, पत्ता मागच्या बाजूला लिहिला आहे. खोली तळमजल्यावर आहे, जिना नाही, तुमच्या गुडघ्याचा विचार करून चौकशी केली आहे. तिथे जाऊन खोलीतले अर्थिंग तपासावे. पद्धत: शंभर वॉटचा पिवळा बल्ब (एलईडी नको) होल्डरला लावावा, एक वायर प्लगच्या उजव्या भोकात, दुसरी वरच्या मोठ्या भोकात. पायात रबरी चप्पल असावी. बल्ब लख्ख पेटला तर अर्थिंग आहे. मिणमिणला तर नाही, आणि मग वसतिगृहवाल्या बाईंना माझ्याशी बोलायला सांगावे. गिझरच्या प्लगला हेच पुन्हा करावे. तोवर दीपमालेला काही बोलू नये. बाबांचा अजून विचार चालू आहे, असेच तिला वाटू द्यावे.

ता. क. ३ – बल्ब, होल्डर आणि दीड मीटर वायर कापसात गुंडाळून काल सकाळच्या सव्वानऊच्या एस.टी.ने पार्सल केली आहेत. डब्याला सुतळीच्या तीन गाठी आहेत. कमी भरल्या तर कळवावे.