आईची गाडी उशिराने

४ जून

ती. बाबांस, सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि मी ओरडून बोलले की शेजारी भिंत ठोकतात, म्हणून हे पत्र. ठकूला तुमच्याकडे सोडून आल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. सव्वादोन वर्षांची झाली पोर, पण तोंडातून शब्द फुटेल तर शपथ. कान तपासून घेतले, ठणठणीत आहेत. वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी उलट मलाच सुनावलं, की तुमच्या घरात तिला बोलायला जागाच शिल्लक नाही, तुम्ही जरा थांबत चला. मला सांगतात! मोठमोठ्या कंपन्यांतले साहेब माझ्याकडे बोलायला शिकतात, बाबा.

त्यात पुढच्या महिन्यात पालक-संमेलनात माझं व्याख्यान आहे, ‘बोलकं मूल, सुखी घर’. आयोजकांना मुलगीही मंचावर हवी आहे, दोन शब्द बोलायला. काय तोंड दाखवू? पण ते जाऊ दे खड्ड्यात. मला एकदा तिच्या तोंडून ‘आई’ ऐकायचंय, बस.

सोबतची चित्रांची कार्डं रोज दाखवा. बोलका तक्ता भिंतीवर लावा. रविवारी मी येतेच आहे, तिला सांगून ठेवा. हे ठीक आहेत, म्हणजे गप्प आहेत.

आशीर्वाद असू द्या, रागवायचं ते भेटल्यावर रागवा.

तुमची,
टकळी

९ जून

चि. टकळीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईने तुझं नाव उगाच टकळी ठेवलं नव्हतं. तुझ्या घरात तू बोलतेस, टॅबलेट बोलतो, तक्ता बोलतो. ऐकायला कोणीतरी नको का? ते काम बिचाऱ्या पोरीने पत्करलं, आणि तिलाच दवाखान्यात नेता.

कार्डं पाहिली. गेंडा, जिराफ, पाणघोडा. आमच्या गल्लीत यांतलं कोणी राहत नाही. खडखडणाऱ्या खिडकीत गेंडा मात्र फिट्ट बसला. तक्ता बोलतो म्हणे. मला ऐकू येत नाही, ठकू ऐकत नाही, म्हणून सेल काढून ठेवले.

तिची खोड माझ्या लक्षात आली. तिने बोट उचलायच्या आत तुझ्याकडे वस्तू हजर. मी बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीत आणि माइकपुढे जन्म काढलेला माणूस. जे येईल-जाईल त्याची घोषणा झालीच पाहिजे. तेव्हा स्वयंपाकघरातलं नरसाळं तोंडाला लावतो आणि सांगतो, की लक्ष द्या, दूध येत आहे. लक्ष द्या, मांजर खिडकीतून सुटत आहे. लक्ष द्या, भात उशिराने, क्षमस्व. मग नरसाळं तिच्या हातात देतो आणि गप्प बसून वाट बघतो. काल तिने त्याचं तोंड माझ्या कानाला लावलं आणि ‘येत’ म्हणाली. दूध खरंच येत होतं.

आता रविवारचं. आई आलीच म्हणून समज, असं मी तिला सांगून बसलो. ती दिवसभर उंबऱ्यावर. गाडी फलाटाला लागल्याशिवाय ‘आली’ म्हणायचं नाही, हा माझा नेम नोकरीत कधी मोडला नाही. तो तुझ्यापायी मोडला. पुन्हा मोडणार नाही.

जावईबापूंना सांग, गप्प राहणाऱ्याचं इथे स्वागत आहे. माया आहेच, मागावी लागत नाही.

तुझा,
बाबा

१३ जून

ती. बाबांस, सा. न. वि. वि.

‘येत’! मी पत्र घेऊन घरभर नाचले. ह्यांनी ऑफिसात सगळ्यांना कळवलं, चार शब्द सलग बोलले म्हणे. नरसाळं स्वच्छ धुतलेलं असतं ना? आणि मंचावर ते चालेल का, आयोजकांना विचारलं. त्यांना कल्पना फार आवडली, त्यावर प्रायोजकाचं नाव घालू म्हणतात. तेवढं ‘नमस्कार’ शिकवून ठेवाल का?

मागच्या रविवारी एका कंपनीत ‘ऐकण्याची कला’ शिकवायची होती, आयत्या वेळी ठरलं. या रविवारी व्याख्यानाची तालीम आहे. पण एकवीस तारखेला काळ्या दगडावरची रेघ. तिला सांगा.

चुकलं-माकलं पोटात घाला.

तुमची,
टकळी

२३ जून

चि. टकळीस आशीर्वाद.

मी तिला काही सांगितलं नव्हतं. एकवीस तारखेला मी उठल्यापासून रस्त्याकडे बघत होतो, तेवढ्यावरून पोरीने ताडलं. सकाळीच उंबऱ्यावर जाऊन बसली. दुपार झाली. समोरच्या शिंप्याने दुकान बंद केलं. मग ती उठली, नरसाळं आणलं, माझ्या कानाला लावलं आणि घोषणा केली, की लक्ष द्या, आई उशीर, मस्व.

क्षमस्व तिला जमत नाही.

घे. तुला तिच्या तोंडून ‘आई’ ऐकायचं होतं ना? म्हणाली. तू नव्हतीस.

जन्मभर क्षमस्व म्हणण्याचा पगार घेतला मी, मनापासून एकदाही म्हटलं नव्हतं. तिने म्हटलं ते खरं होतं. चूक कोणाची आणि माफी कोण मागतंय! मला रडू आलं, लपवत नाही. मंचावर माझी नात येणार नाही. ‘नमस्कार’ तूच म्हण, तुला येतो.

तुझा,
बाबा

५ जुलै

ती. बाबांस, सा. न. वि. वि.

ठकू आणि मी सुखरूप घरी पोचलो. व्याख्यान रद्द केलं. आयोजकांना कळवलं, की वक्त्या उशिराने येतील, बहुधा पुढच्या वर्षी. टॅबलेट माळ्यावर टाकला. आता ती बोलते आणि आम्ही थांबतो. ह्यांना थांबणं सोपं जातं. माझा मात्र घसा दुखतो.

एक सांगायचं राहिलं. तुमचं पत्र वाचून मी न कळवता निघाले, त्या सकाळची गोष्ट. दार तुम्हीच उघडलंत. ठकू तुमच्या मागे उभी होती, नरसाळं घेऊन. मी हात पसरले, ती हलली नाही. माझ्या पायांकडे बघत राहिली. मी चपला काढल्या, पिशवी आत ठेवली, जमिनीवर बसले, आणि जन्मात पहिल्यांदा गप्प राहिले. मग ती आली, नरसाळं खाली ठेवलं आणि माझ्या कानाशी तोंड आणून हळूच म्हणाली, की आई आली.

तुम्ही शेजारीच उभे होतात, बाबा. पण नरसाळं नव्हतं, तुम्हाला ऐकू गेलं नसणार. म्हणून लिहून कळवते.

तुमची,
टकळी