बाहेरून न उघडणारी खिटी

४ जून

ती. बाबांस,

सा. न. वि. वि. विनंती नंतर करते, आधी घाबरले आहे ते सांगते. फोन केला असता, पण तुमच्या कानांनी संप पुकारल्यापासून फोनवर आईला सांगायचं, तिने ते तुम्हाला ओरडून सांगायचं आणि सगळ्या गल्लीने ऐकायचं, असं होतं. हे गल्लीने ऐकण्यासारखं नाही.

परवा दुपारी मी मोरीत गोटूला आंघोळ घालत होते. दार वाजलं आणि ठमीने स्टुलावर चढून कडी काढली. चार वर्षांची झाल्यापासून कडी काढता येते याचा तिला कोण अभिमान! साबणाने माखलेलं पोर काखेत घेऊन मी बाहेर आले, तर खोलीच्या मधोमध एक माणूस उभा. मीटर बघायला आलोय म्हणाला. मीटर जिन्यात आहे, हे मला आठवेपर्यंत तो ठमीच्या डोक्यावरून हात फिरवून, तिचं नाव विचारून, पुन्हा येईन असं सांगून गेला होता. काही नेलं का म्हणून बघितलं, तर सगळं जागच्या जागी. संध्याकाळी लक्षात आलं, खिळ्याला टांगलेली दुसरी चावी नाही.

यांनी दुसऱ्याच दिवशी सकाळी कुलूप बदललं. पण छापखान्यात यांची दुपारची पाळी असते. ते गेले की मी दाराला खुर्ची लावून बसते. ठमी म्हणते ते काका चांगले होते. तिने असं म्हटलं की मी उठून कडी पुन्हा चाचपते.

महिनाअखेर घर बदलायचंच ठरवलं आहे. ऑगस्टपासून दवाखान्यातल्या प्रयोगशाळेत मला पुन्हा रुजू व्हायचंय, तेव्हा मुलं सांभाळणाऱ्या बाईंकडे असतील, मी नसेन. जिथे मुलांना ठेवून पाय बाहेर टाकता येईल असं घर हवं. तुम्ही जन्मभर लोकांची दारं नीट केलीत. घर कुठलं भरवशाचं हे कसं ओळखायचं ते लिहा.

तुमचा हात डोक्यावर आहेच, पत्राचा हातही लौकर चालवा.

तुमची बयो

८ जून

चि. बयोस,

अ. आ. पत्र वाचून तुझ्या आईला सांगितलं. ती मटकन खाली बसली, मग उठून आधी आपल्याच घराची दुसरी चावी आहे का ते बघून आली.

हे बघ, चाळीस वर्षं कुलपाकिल्ल्यांवर कानस घासली आहे, शाळा काही पाहिली नाही. पण दार वाचता येतं मला. घर बघायला गेलीस की घरमालकाच्या तोंडाकडे बघू नकोस, शेजाऱ्यांच्या दारांकडे बघ. जुनं दार आणि त्याला कोरं कुलूप असेल तर ते का बदललं हे मनाशी विचार. चौकटीत लाकडाचे तुकडे ठोकून बुजवलेली भोकं दिसली तर समज, इथे कुलपं तुटतात. कुलपाच्या भोवती ओरखडे असतील तर एक तर घरधनी झिंगून येतो, नाही तर दुसरं कोणी येऊन चाचपून गेलंय. दाराला बघायचं भिंग असेल तर उत्तम. आणि वर चढता येईल असं काही इमारतीजवळ पडलेलं असेल, तर मागे फिर.

जावईबापूंना म्हणावं, तुम्ही लावलेलं कुलूप कुठल्या दुकानातलं? त्यांनी नाव सांगितलं की मी काय ते समजेन. हसायला म्हणून लिहितो आहे, हसू येत नाही.

आशीर्वाद आहेतच, तू पत्राने मोजून घे.

तुझे बाबा

ता. क. आई सांगते ते तिच्याच शब्दांत लिहितो, नाही तर जेवायला वाढणार नाही. भर दुपारी अनोळखी दार वाजवायचं आणि प्यायला पाणी मागायचं. बाकी काही बघायची गरज नाही, असं तिचं म्हणणं.

१४ जून

ती. बाबांस,

सा. न. वि. वि. दोन जागा पाहिल्या आणि गंमत म्हणजे त्या पाठीला पाठ लावून आहेत.

पहिली रंगाऱ्यांच्या गल्लीत. तळमजला, दोन खोल्या. गल्लीभर रंगाचे डबे, माणसं ओरडून बोलतात, दारं सताड उघडी. तुम्ही सांगितल्याप्रमाणे चौकटी बघितल्या, तर आमच्याच होऊ घातलेल्या दाराला तीन भोकं बुजवलेली. वर भिंतीला टेकवलेल्या शिड्या, चांगल्या उंच, दिवसभर बाहेरच असतात. ठमीला तहान लागली तेव्हा समोरच्या इस्त्रीवाल्या मावशींनी कान तुटलेल्या हिरव्या मगातून पाणी दिलं. ठमीने दोनदा मागून प्यायलं, मावशींची इस्त्री गरम का असते हेही विचारून घेतलं.

दुसरी जागा मागच्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर. एकच मोठी खोली, तिच्यातच ओटा, दारासमोरच खिडकी आणि खिडकीला गज. ती खिडकी त्याच गल्लीवर उघडते. इमारतीत मात्र टाचणी पडली तर ऐकू येईल. प्रत्येक दाराला भिंग, कुलपं एकसारखी, एक ओरखडा नाही. आईची परीक्षा इथे घेतली नाही. हात उचलला होता, पण इतकी शांतता होती की वाजवायला धीर झाला नाही.

कुठली घेऊ? तुम्ही म्हणाल ती.

लोभ तर आहेच, सध्या थोडा धीर धाडा.

तुमची बयो

१८ जून

चि. बयोस,

अ. आ. इमारतीतली घे. बाहेर पडलेली शिडी म्हणजे चोराला घातलेला जिना. तीन भोकं म्हणजे तीनदा फुटलेलं घर. विचार कसला करतेस?

सोबत पार्सल आहे. आठ दिवस बसून तुझ्यासाठी एक खिटी केली आहे. ती दाराच्या वरच्या टोकाला बसव, ठमीचा हात पोचणार नाही अशी. दार मिटलं की स्प्रिंगने ती आपोआप वर चौकटीत घुसते. आतून गोळा खाली ओढला की सुटते. बाहेरून मात्र भोक नाही, चावी नाही, काहीच नाही. चावीच नाही तर नेणार काय? सगळे मिळून बाहेर जाताना गोळा खाली ओढायचा, बाजूच्या छिद्रात खिळा घालून अडकवायचा आणि मग नेहमीचं कुलूप लावायचं. खिळा दोरीने बांधून दिला आहे.

ठमीला नीट समजाव. दार वाजलं तर उत्तर द्यायचं नाही, गोटूला घेऊन पलंगाखाली जायचं. काका असोत, मावशी असोत. आईच्या आवाजात हाक आली तरी जायचं नाही, कारण आवाज काढणारेही असतात. मी माझ्या दुकानात असले लोक पाहिले आहेत. तिला थोडी भीती वाटू दे. भ्यालेलं पोर वाचतं.

आई या खेपेला काही सांगायला तयार नाही. मी दारांची चौकशी केली, माणसांची कोणी करायची, एवढं म्हणाली आणि आत गेली. रुसली आहे.

पार्सल मिळाल्याचं कळव, तोवर जीव टांगलेला आहे.

तुझे बाबा

२ जुलै

ती. बाबांस,

सा. न. वि. वि. नव्या घरी आलो. खिटी बसवली. काय आवाज आहे तिचा! खट्कन वर जाते तेव्हा माझ्या छातीवरचं ओझं उतरतं. सुताराने विचारलं कुठून आणली, तर मी ऐटीत सांगितलं, वडिलांच्या हातची आहे.

ठमी तुमचा धडा चोख शिकली आहे. काल मी मोरीत असताना हे लवकर घरी आले, तर बाईसाहेब पलंगाखाली. मी बाहेर येईपर्यंत बापाने जिन्यात उभं राहून गाणी म्हटली, तरी हा बापाचा आवाज काढणारा माणूस आहे, असं तिने मला कुजबुजून सांगितलं. आम्ही खूप हसलो. नंतर मला जरा कसंसंच झालं, पण ते असो.

शेजारी अजून कोणी भेटलेलं नाही. जिना चढताना मात्र भिंगांमागे उजेड हलतो.

आईचा रुसवा गेला असेल तर तिला एक घट्ट मिठी, नसेल तर दोन.

तुमची बयो

९ जुलै

ती. बाबांस,

सा. न. वि. वि. मुलं सुखरूप आहेत. हे आधी वाचा, मग पुढचं.

काल सकाळी हे रेशनच्या रांगेत गेले होते. मी ओट्यावर दूध ठेवलं आणि कचऱ्याची बादली घेऊन जिन्याच्या वळणापर्यंत गेले. दहा पावलं, बाबा. खिळा घालायचं सुचलं नाही. मागे वाऱ्याने दार आपटलं आणि तुमची खिटी बोलली. खट्.

आत दोन्ही मुलं, पेटती शेगडी आणि उतू जायला आलेलं दूध. मी हाक मारली. आतून आवाज नाही. ठमे, मी आई आहे गं, असं कितीदा म्हणाले असेन. तेव्हा पलंगाखालून तिचा बारीक आवाज आला. तू आई नाहीस, असं म्हणाली ती. आई घरातच असते, बाहेरून बोलतो तो आवाज काढणारा माणूस असतो. मग गोटू रडायला लागला आणि तिने त्याचं तोंड दाबलं असावं, कारण रडणं मधेच तुटलं. ते तुटणं मला जन्मभर ऐकू येत राहील.

मी मजल्यावरची चारही दारं ठोकली. चारही भिंगं एकेक करून काळी झाली. म्हणजे आत डोळा आला, मला बघितलं आणि उभा राहिला. एकही दार उघडलं नाही. मी केस सुटलेली, अनवाणी, ओरडणारी बाई. त्यांनाही कोणीतरी तेच शिकवलं असेल.

तेवढ्यात दाराखालून गॅसचा वास आला. दूध उतू जाऊन शेगडी विझली होती.

मी जिन्याच्या खिडकीतून मागच्या गल्लीत ओरडले. काय ओरडले आठवत नाही. पण बघता बघता दोन माणसं शिडी घेऊन धावत आली. तीच शिडी, बाबा. म्हातारा रंगारी वर चढला आणि गजांतून रंगाच्या रोलरची लांब काठी आत घालून त्याने तिच्या टोकाने शेगडीचं बटण फिरवलं. वास आत भरलेला होताच, म्हणून काठीनेच त्याने खिडकीची दुसरी झडप ढकलून उघडली. मग तो ठमीला हाका मारायला लागला. परका माणूस, खिडकीत. ती आणखीच आत सरकली.

मी जिन्याच्या खिडकीतून मान बाहेर काढून बघत होते. रंगारी खाली उतरला आणि इस्त्रीवाल्या मावशी शिडी चढायला लागल्या. साठीची बाई, पदर खोचलेला, दोघांनी शिडी धरलेली. त्या काही बोलल्याच नाहीत. त्यांनी गजांतून तो कान तुटलेला हिरवा मग आत धरला. आणि पोरगी पलंगाखालून बाहेर आली. तिला पाणी हवं होतं.

पाणी पाजून झाल्यावर मावशींनी काठी तिच्या हातात दिली. रोलरची वाकडी तार तुमच्या गोळ्यावर वरून कशी अडकवायची, ते त्या शिडीवरून सांगत राहिल्या. तीनदा निसटली. चौथ्यांदा अडकली, तर ठमी काठीला चक्क लोंबकळली. खिटी सुटली आणि मी आत पडले. गोटू पलंगाखाली होता, लाल झालेला, पण श्वास चालू.

तुमच्यावर राग नाही. पण काल संध्याकाळी मी साधी मोरीत जाऊन आले, तरी ठमीने मला खरी आई आहेस का विचारलं. मी हो म्हणाले. तिला पटलेलं दिसलं नाही.

उत्तर लिहा. कसंही लिहा.

तुमची बयो

१३ जुलै

चि. बयोस,

अ. आ. पत्र तीनदा वाचलं. चौथ्यांदा आईने हातातून घेतलं.

चाळीस वर्षांत मी एकाही गिऱ्हाइकाला बाहेरून न उघडणारं काही बसवून दिलं नाही. मागायला यायचे लोक. मी त्यांना विचारायचो, आत म्हातारं माणूस पडलं तर? पोर अडकलं तर? आणि परत पाठवायचो. दुकानातलं पोरसुद्धा हे जाणत होतं. स्वतःच्या लेकीचं दार आलं आणि माझा हात भीतीने चालला, डोकं चाललं नाही. खिळ्याच्या भरवशावर मी दोन जीव ठेवले.

खिटी काढून टाक. आजच काढ, हे पत्र वाचून होण्याआधी ऊठ. तिच्या जागी साधी कडी, ठमीच्या हाताला येईल एवढ्या उंचीवर. मी म्हटलं होतं ना, हात पोचणार नाही अशी बसव? त्याच्या उलट.

गल्लीतली जागा अजून रिकामी असेल तर घे. त्या तीन भोकांचं मावशींना विचार. आई म्हणते, तीनदा कोणीतरी आत अडकलं असेल आणि शेजाऱ्यांनी दार फोडलं असेल. चोरांचंच काम कशावरून? मला हे चाळीस वर्षांत सुचलं नव्हतं. तिच्यापुढे मी आता दारांविषयी बोलत नाही.

तो माणूस पुन्हा येणार नाही असं मी लिहू शकत नाही, बयो. भीती मलाही आहे. पण आला तर निदान गल्लीभर माणसं त्याचं तोंड बघतील.

येत्या रविवारी आम्ही दोघं येतो. ठमीला आधी सांगून ठेव, की दार उघडू नको असं ज्या आजोबांनी लिहिलं होतं, तेच बाहेर उभे असणार आहेत. घाई करू नका, तिला उचलून दाराशी आणू नका. ती मला काहीही विचारू दे. मला ऐकू येणार नाही, तेव्हा मावशींना दाराशी बोलावून ठेव आणि म्हणावं, ती काय विचारते ते मला खुणेने सांगा. पटेल तेव्हा उघडेल. तोवर मी पायरीवर बसून राहीन. मावशींकडून त्या मगात पाणी मागून घेईन.

माया आहे ती आहेच, आता तिला दार तेवढं सापडू दे.

तुझे बाबा