आईच्या काळ्या मेंढ्या

आबा,

आजचं तुम्हाला सांगितल्याबिगर राहवंना! आईच्या मेंढ्या जितराबांनी खऱ्या मानल्या!

हायवेला ट्रकनं आपला कळप चिरडला, तवापासून आई शिक्रापूरच्या रस्त्यावरनं फुटलेल्या टायरचे तुकडे गोळा करती आन् तारेनं बांधून त्यांच्या मेंढ्या करती. लोक तिला येडी म्हणत्यात. तुम्ही तर तिच्या पहिल्या मेंढ्या पेटवून दिल्या आन् दौंडला निघून गेलात. पर ती थांबली न्हाई. आता सगळं अंगण भरलंय.

आज सकाळी एक धनगर कळप घेऊन दारावरनं चालला होता. त्याचा कुत्रा आत घुसला आन् आईच्या मेंढ्यांभोवती फिरून त्यांना हाकायला लागला! त्या जागच्या हलंनात म्हणून भुंकून भुंकून बेजार झाला. तेवढ्यात एक कोकरू आलं आन् टायरच्या मेंढीच्या पोटाखाली तोंड घालून ढुसण्या द्यायला लागलं.

धनगरानं इचारलं, "बाई, कुणाची मेंढरं ही?"

"माझी," आई म्हणाली. आन् आपला कळप गेल्यापासून पहिल्यांदाच हसली, आबा, पार डोळ्यांत पाणी येईस्तवर!

"आबांना कळवू का?" मी म्हणलं.

"नगं. काडेपेटी घिऊन येतील."

म्हणून हे पत्र मी टाकणार न्हाई. पर तुमचा सारा जलम मेंढरांमागं गेला. धनगराचं कुत्रं फसलं म्हंजी काय, हे तुमच्याबिगर मी सांगू तरी कुणाला?

तुमची लेक,
सोनम