गाडीचं बारदान

रुस्ताक,
शनिवार, ११ नोव्हेंबर २०१७

प्रिय यशू,

खजुराच्या डब्यावर हे पाकीट चिकटवून माबेल्याला तुझ्या घरी पाठवतो आहे. डबा आधी उघडू नकोस. खजुराला पाक सुटलेला असतो, हात चिकट झाले की कागद खराब होईल. तुझं मराठी वाचन हळू आहे हे मला माहीत आहे, म्हणून अक्षर मोठं काढतो आहे आणि ओळींत जागा सोडतो आहे. अडलं तर मोठ्याने वाच. मत्रहच्या गोदामात मी पोत्यांवर खडूने अक्षरं काढायचो आणि तू अशीच मोठ्याने वाचायचीस. पण हे पत्र एकटीच वाच. जावईबापूंना, म्हणजे जितेशरावांना, काय सांगायचं ते नंतर तू ठरव.

फोन का केला नाही, असं तू विचारशील. फोनवर माझं निम्मं बोलणं जेवलीस का, गॅस बंद केलास का, हायवेला गाडी हळू चालव, यातच संपतं आणि मग तुझी मीटिंग असते. शिवाय जे सांगायचं आहे ते बोलताना मी मध्येच थांबलो असतो. लिहिताना थांबलो तरी कुणाला दिसत नाही. हा कागद तिसरा आहे, दोन फाडले.

आधी बातमी. परवा गुरुवारी, म्हणजे तू येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी सातला मी कचरा डेपोच्या वजनकाट्याची केबिन उघडली तर फाटकापाशी सात गाड्या रांगेत उभ्या. सातही गावांच्या. मी दोनदा मोजल्या. सगळ्यांत पुढे ऐन सिदरची निळी गाडी, आणि तिच्यात मसूद ड्रायव्हर स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरून बसलेला. मला बघून म्हणाला, "शिवराम, आज जाते टाइम भी तोलेगा ना?" म्हटलं, तोलेगा, अब रोज तोलेगा. हाच माणूस गेल्या महिन्यात मला सांगत होता की डिसेंबरपासून खलास, आपली भेट नाही, गावाचा कचरा गावातच जाळणार. मी केबिनच्या मागे जाऊन तोंड धुऊन आलो. धूळ फार होती, असं समज.

तू हे सगळं डेपोच्या मोठ्या ऑफिसात कागदावर बघतेस, मला इथून कसं दिसतं ते लिहितो. तीन वर्षांपूर्वी मी रुस्ताकला आलो, तेव्हा गावागावांचे आपापले खड्डे होते. संध्याकाळी धूर आणि वादीच्या कोरड्या पात्राच्या काठाने बाभळींना लटकलेल्या पिशव्या. बकऱ्या त्या खायच्या आणि मरायच्या. मग सात गावांनी मिळून ही एक जागा घेतली. जो जितका कचरा आणेल त्याने तितके पैसे द्यायचे, टनावर. त्याच पैशांतून बुलडोझर चालतो, खड्ड्याच्या तळाला जाड काळं प्लॅस्टिक पडतं, कचऱ्यावर रोज मातीचा थर बसतो, आणि माझा पगारही त्यातूनच. एक गाव बाहेर पडलं म्हणून बुलडोझर डिझेल कमी पीत नाही. उरलेल्या सहांचा दर वाढतो, मग त्यातलं एखादं रागावून जातं, मग आणखी एक. मी सातवी पास आहे, पण एवढं मला कळतं. म्हणूनच ऐन सिदर जाणार हे ऐकल्यावर मला झोप लागेना. सत्तर घरांचं गाव, सगळ्यांत लहान, आणि घरांच्या मानाने बिल सगळ्यांत मोठं. त्यांचे शेख हिलाल फाटकाशी येऊन म्हणाले होते, आमची माणसं काय दगड खातात का, एवढा कचरा आणला कुठून?

आता तुझ्या नियमाचं लिहितो. रागावू नकोस, पुरतं वाच. आधी प्रत्येक गाडी येताना भरलेली तोलायची आणि जाताना रिकामी. दोनदा काट्यावर चढवायची म्हणून रांग थेट मोठ्या रस्त्यापर्यंत जायची आणि उन्हात ड्रायव्हर शिव्या द्यायचे, त्या पहिल्या मला. गेल्या वर्षी तुझा कागद आला. गाडीचं रिकामं वजन एकदाच घ्यायचं, कॉम्प्युटरात ठेवायचं आणि पुढे फक्त येताना तोलायचं. रांग निम्म्यावर आली. मसूदने मला त्या दिवशी हलवा आणून दिला. कागदाखाली तुझं नाव होतं, यशश्री शिवराम मोहिते. पासपोर्टावर अजून माझंच नाव लावतेस, म्हणून तिथेही माझं नाव आलं. तो कागद मी प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून केबिनच्या काचेवर आतून लावला, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा. आईला गावी फोन करून सांगितलं की तुझ्या लेकीच्या सहीने इथे सात गावांच्या गाड्या चालतात. ती म्हणाली, "मग आता तरी काळजी सोडा."

पण ती कुठे सुटते. मत्रहला शेठच्या गोदामात मी सव्वीस वर्षं काट्यावर होतो. तिथे मी दर पोत्याचं बारदान वेगळं तोलायचो. कोरडं गोणपाट आणि ओलं गोणपाट यांत किती फरक पडतो ते मला हाताला कळायचं. शेठ हसायचे, "शिवरामभाई, तू रिकाम्या पोत्याचीसुद्धा पत्रिका मांडशील." गाडी म्हणजे तरी काय, चाकं लावलेलं पोतंच. तिचं बारदान एकदाच तोलून कायमचं धरायचं, हे माझ्या घशाखाली उतरत नव्हतं. पण इंजिनिअर तू. मी गप्प बसलो.

मग ऑक्टोबरात तुझ्या ऑफिसला तो निनावी अरबी कागद गेला. ऐन सिदरच्या गाडीचं रिकामं वजन चुकीचं धरलं जातं आहे, सगळ्यांसमोर तोलून बघा, एवढंच त्यात होतं. त्या शुक्रवारी मी तुझ्याकडे जेवायला होतो. तू सुरमई केली होतीस. जितेशराव त्या कागदावर जाम चिडले होते. "कुणीतरी रिकामटेकडा आहे, बाबा. स्वतःचं नाव लिहायची हिंमत नाही आणि दुसऱ्याच्या पोटावर पाय." त्यांचं म्हणणं, शेखनेच लिहवून घेतलं असणार, बिल कमी व्हावं म्हणून. काटा बरोबर आहे असं उत्तर लिही आणि फाइल बंद कर. तू म्हणालीस, "आणि ते खरं असेल तर?" ते म्हणाले, खरं असेल तर नियम तुझा आहे, प्रमोशनला तीन महिने झालेत, खुर्ची तुझी जाईल. तू ताटातला काटा बोटाने बाजूला करत बसलीस आणि एकदा माझ्याकडे बघितलंस. पण साइटचं घरात बोलायचं नाही हा नियम मीच घातलेला, म्हणून तू काही विचारलं नाहीस. मी तीनदा भात घेतला. तुला वाटलं बाबांना सुरमई फार आवडली. चव कशी होती ते मला आजही सांगता येणार नाही.

त्यानंतर या बुधवारपर्यंत मी काय करत होतो ते लिहीत नाही. चहात दोनदा मीठ पडलं एवढं सांगतो. आणि बुधवारी तू आलीस. तुझे मोठे साहेब सावलीत उभे होते, शेख हिलाल काठी टेकून उन्हात, आणि बाकीच्या सहा गावांची माणसं कुंपणाला टेकून, कारण ऐन सिदरचं होईल ते आपलं होईल हे त्यांना ठाऊक होतं. तुझं हेल्मेट कानांवर आलं होतं. पट्टा आवळ, असं मला काचेतून सारखं सांगावंसं वाटत होतं, पण साइटवर मला बाबा म्हणू नकोस आणि मीही तुला यशू म्हणणार नाही, असं आपलं ठरलेलं. मसूदने भरलेली गाडी चढवली. मग खाली करून आणली. कॉम्प्युटरात रिकामं वजन होतं सात हजार दोनशे साठ किलो. समोर आकडा लागला आठ हजार शंभर.

तुझे साहेब इंग्रजीत हळूच काहीतरी म्हणाले, बहुतेक आत जाऊन बोलू असं. तू म्हणालीस, परत तोला. मसूदने गाडी उतरवली, परत चढवली. आठ हजार शंभर. तू खाली वाकून गाडीच्या पोटात बघितलंस, हौद्याला जोडलेला नवा पत्रा हाताने वाजवलास, आणि सगळ्यांसमोर अरबीत बोललीस. प्रत्येक खेपेला आठशे चाळीस किलो लोखंडाचे पैसे ऐन सिदरने कचरा म्हणून भरले. नियम माझा होता, चूक माझी आहे. आजपासून प्रत्येक गाडी जातानाही तोलली जाईल आणि तुमचं जास्त गेलेलं पुढच्या बिलांतून वळतं होईल. तुझा आवाज सुरुवातीला जरा कापला, मग नाही कापला. मला सगळं अरबी येत नाही, पण हे शब्दन् शब्द कळलं. शेख हिलाल काठी टेकत दोन पावलं पुढे आले. मग म्हणाले, "बिंती, पोरी, ऑफिसातलं माणूस माझी चूक म्हणताना मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं." आणि कुंपणाशी उभ्या असलेल्या लोकांकडे काठी वळवून म्हणाले, उद्या आमची गाडी पहिली येईल. तुझे साहेबसुद्धा मग पुढे होऊन तुझ्याशेजारी उभे राहिले. कुंपणाकडून एकाने टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. कचऱ्याच्या डेपोवर टाळ्या वाजलेल्या मी पहिल्यांदा ऐकल्या, यशू. नंतर तू खिडकीशी येऊन मला हिंदीत विचारलंस, "वजन बराबर लिखा ना?" मी म्हटलं, "जी मॅडम." तुला हसू आलं होतं, मी बघितलं.

आता त्याच्या आधीचं, जे तुला माहीत नाही. सप्टेंबरात एकदा दुपारी रांग नव्हती, तेव्हा मसूद खाली करून परत निघाला आणि माझ्या कूलरचं पाणी प्यायला काट्यावरच गाडी उभी करून उतरला. सवयीने माझी नजर आकड्यावर गेली, तर आठ हजार शंभर. माझा आधी काट्यावरच संशय. मी बुलडोझरवाल्याकडून सिमेंटचे ठोकळे आणून काटा तपासला, दुसऱ्या गावाची गाडी तपासली. काटा बरोबर. मग मसूदला रोज पाणी पाजायला लागलो. पाच दिवस, पाचही दिवस तोच आकडा. सहाव्या दिवशी त्याला विचारलं, तर म्हणाला, "वादी का पत्थर गाडी का नीचे खाता है." म्हणून गावाने मागाहून हौद्याला दुहेरी जाड पत्रा जोडून घेतला होता, पुढे लोखंडी पट्टा आणि दोन जादा चाकं. हे कुणाला कळवायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मी आमच्या सुपरवायझरला सांगितलं. तो म्हणाला, ऑफिसचा कागद आहे, तू कशाला डोकं घालतोस, यल्ला, चल, काम कर. आणि काचेवर तुझ्या सहीकडे बोट दाखवलं.

यशू, तुला मी फोन करू शकलो असतो. पण बापाने लेकीला सांगितलं आणि लेकीने गुपचूप आकडा बदलला, असं झालं असतं, तर ऐन सिदरचं मागचं गेलेलं तसंच राहिलं असतं, आणि कधीतरी कुणी म्हणालं असतं की दोघं एकाच काट्यावर बसलेत. हे झालं मी स्वतःला सांगायचो ते कारण. खरं कारण असं की मला भीती वाटली. रुस्ताकच्या बाजारात, सूकमध्ये, खुदेजाबाईंचं टायपिंगचं दुकान आहे, तिथे जाऊन मी तो कागद अरबीत करून घेतला. त्या म्हणाल्या, खाली नाव कुणाचं? म्हटलं, राहू दे. तीन आठवडे तो माझ्या खिशात होता, घामाने घड्या विरल्या, मग परत जाऊन दुसरा काढून घेतला. पोस्टात टाकताना कुणाचा नियम आहे आणि कुणाची खुर्ची जाईल, हे मला पुरतं ठाऊक होतं. बुधवारी सगळं झाल्यावर तू वळून म्हणालीस, ज्यांनी हा कागद लिहिला ते इथे असतील तर त्यांनी हात वर करावा, मला त्यांचे आभार मानायचे आहेत. शेख आपल्या माणसांकडे बघत होते, माणसं एकमेकांकडे. मी काचेमागे, तुझ्या सहीच्या मागे बसलो होतो, आणि माझा हात काही वर गेला नाही. म्हणून हे पत्र. हा माझा हात, तीन दिवस उशिरा. आभार मानू नकोस, फक्त हेल्मेटचा पट्टा आवळून घे.

तुझाच,
काट्यावरचा बाबा