तीन नंबरचा श्वास

३ नोव्हेंबर
अठ्ठावन्नाव्या वर्षी पहिली नोकरी लागलेला आमच्या भावकीत मीच असेन. एकतीस वर्षं स्वतःच्या गाडीने बोअर मारले, सिन्नरपासून पेठपर्यंत. शाळा चौथी, पण केसिंगच्या पाइपाला कान लावला की पाणी किती फुटांवर आहे ते सांगतो. मृण्मयी मॅडमनी त्या कानासाठीच मला ठेवलंय. त्या जंतूंच्या डॉक्टर. वयाने माझ्या मुलीएवढ्या, म्हणून मला काका म्हणतात आणि लगेच कामाला लावतात.
जागा गंगापूर रोड सोडून बरीच आत, एका बंद कंपनीच्या मागे. पाटीवरचं नावसुद्धा उडालंय. पत्र्याची खोली, पंखा, दारात पेरूचं झाड. मजेत आहे.

९ नोव्हेंबर
काम ऐकून आधी हसलोच. पाच बोअर, आणि त्यांत दर मंगळवारी-शुक्रवारी साखर कारखान्याची मळी ओतायची. मॅडम म्हणाल्या, कंपनीने पुरलेल्या पिंपांतून युरेनियम पाण्यात विरघळलंय आणि उताराने चाललंय. खाली खडकात जंतू आहेत. ते मळी खातात, आणि तिथे हवा नाही म्हणून हवेऐवजी युरेनियमवर श्वास घेतात. त्यांनी घेतलं की त्याचा काळा न विरघळणारा गाळ होतो आणि जागेवर बसतो. पाणी स्वच्छ पुढे जातं.
उताराखाली सिंधुबाईंची विहीर. त्या आणि नात सृष्टी, दोघीच. मुलगा-सून देवळाली कॅम्पात कामाला. म्हातारी कुणाच्या पाणी-तपासणीच्या कागदावर विश्वास ठेवीना. मी म्हटलं, रोज आधी मी पिणार, मग तुम्ही. तेव्हापासून माझा तांब्या तिथे ठरलेला.
मळीचा वास मात्र मला सोसत नाही.

२१ नोव्हेंबर
तीन नंबर श्वास घेतो. पाइपाला कान लावला तर आत ओढल्याचा आवाज, मग थांबा, मग सोडल्याचा. मॅडम म्हणाल्या, हवेचा दाब बदलला की बोअर असा आवाज करतोच. मलाही ते ठाऊक आहे. पण तो दिवसातून दोनदा. हा मिनिटाला अकरा वेळा.

२७ नोव्हेंबर
मॅडम दहा दिवस हैदराबादला. तीन नंबर मळी घेईना, बुळबुळीत साका वरपर्यंत आलेला. तुंबलेल्या बोअरचं काय करायचं हे मला कुणी शिकवायला नको. ओळखीतल्या बोअरवाल्या संतोषचा कॉम्प्रेसर आणला आणि दोन तास हवा मारून बोअर धुऊन काढला. काळंकुट्ट पाणी झाडाच्या उंचीएवढं उडालं, मग नितळ. नव्यासारखा झाला. मॅडम खूश होतील.

१ डिसेंबर
फोनवर सांगितलं. मॅडम म्हणाल्या, ‘काका, हवा लागली की तो गाळ परत विरघळतो.’
मी यायच्या आधीपासून वर्षभर बसवलेलं सगळं मी दोन तासांत पाण्यात सोडलं. विहीर आजच बंद करा म्हणाल्या. ते मूत्रपिंडं खातं, हाडांत जाऊन बसतं. कुणी प्यायलंय का, विचारलं. मी नाही म्हणालो.
लगेच खाली गेलो. सिंधुबाईंनी तांब्या पुढे केला. हसून म्हणाल्या, ‘पुंजारामभाऊ, तुमी पेता म्हनून तर आमी पेतो. नाय तर कोन इचारतंय या पान्याला.’
एकतीस वर्षांत माझं काम चुकलं असं कुणी म्हटलेलं नाही. तोंड उघडलं, आणि — प्यायलो. सृष्टीही प्यायली. उद्या नक्की सांगतो.

४ डिसेंबर
सांगितलं नाही.
तीन नंबर गप्प आहे. चार, पाच, सगळे गप्प. भर दुपारी विहिरीच्या कठड्याला कान लावला. तिथे आहे. अकरा.
मॅडमना विचारलं, जंतू जागा सोडून जातात का. म्हणाल्या, श्वासाला धातू जिथे मिळेल तिथे वाढतात. का विचारताय, म्हणाल्या. मी फोन ठेवला.

६ डिसेंबर
मळीचं पिंप उघडलं. वास आला नाही. म्हणजे आला, पण — चांगला. बोट बुडवलं. मग तांब्याभर प्यायलो.
पाठ दुखते. दुपारी पडलो, हात उशाखाली. आधी वाटलं पंखा. पंखा बंद केला.
हातातून येतो. कोपराच्या हाडातून. ओढतो, थांबतो, सोडतो.
माझा श्वास मी रोखून धरला. तो चालूच.

७ डिसेंबर सकाळ
गेलो. सांगितलं सगळं. हवा मारली ते, मॅडमशी खोटं बोललो ते, सहा दिवस गप्प बसलो ते. शिव्या खायची तयारी होती. सिंधुबाई ऐकून घेत होत्या की नाही कळेना. माझ्या शर्टाकडे बघत होत्या. बाहीवर मळी सांडली होती.
म्हणाल्या, पोरगी चार दिवस जेवत नाही. सारखं गोड मागते, गूळ दिला तर थुंकते.
विचारलं, कुठे आहे. म्हणाल्या, तुमच्याकडेच तर गेली, वर —

पिंपाचं झाकण बाजूला. सृष्टी कोपरापर्यंत काळी. ओढून काढली, रडली नाही. पाठ दुखते म्हणाली. मॅडमना फोन लावला, हैदराबादहून परतीच्या वाटेवरच होत्या, दोन तास म्हणाल्या, दवाखान्याची गाडी पाठवतात.
पिंपाशेजारीच तिला मांडीवर घेऊन लिहितोय. नको नको म्हणत शेवटी तिच्या पाठीला कान लावला.
अकरा.
माझ्या हातातलाही अकरा. पण आधी मागेपुढे होते. आता एकाच वेळी ओढतात, एकाच वेळी —
सिंधुबाई दारात आल्यात. हातात तांब्या. दवाखान्याची गाडी येतेय म्हणून सांगितलं. पिंपाकडे बघतात. मी उठायला हवं, झाकण लावायला हवं, पण पोर मांडीवर आहे आणि माझा डावा हात तर आधीच पिंपात