मेनूतली तिसरी ओळ कोणाला

मी, खाली सही करणारा, स्वेटर विणण्याच्या लहानशा कारखान्याचा मालक, वय एकाहत्तर, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. बायकोला तो मान्य नाही, पण तिथे तिची सही लागत नाही.

१. राहते घर आणि बँकेतली शिल्लक बायकोला. माझी आरामखुर्चीही तिलाच. ती भंगारात देण्याची तिची इच्छा माझ्या हयातीत पुरी होणार नाही.

२. कारखाना आणि विणकामाचे यंत्र मुलीला. यंत्र चालवणारा संगणक लिनक्सवर आहे. तो सुरू केला की पडद्यावर तीन ओळींचा मेनू येतो. प्रत्येक ओळ म्हणजे एक कर्नेल, अर्थात संगणकाचा गाभा. वरचा सर्वांत नवा, तिसरा सर्वांत जुना; वेळेत काही निवडले नाही तर वरचाच आपोआप सुरू होतो. आमच्या म्हाताऱ्या यंत्राचे फक्त तिसऱ्याशी पटते. (मसुदा वाचून वकीलबाईंनी विचारले, "हे तीन कर्नल कोण? वारस आहेत का?" नाहीत.)

३. मेहुणा उर्फ अपडेटराव. सहा वर्षांपूर्वी या गृहस्थाने मला न विचारता जुने कर्नेल पुसून टाकले. वर म्हणाला, "दाजी, अडगळ काढली." नव्या कर्नेलवर यंत्र धडाक्यात चालले आणि फुटबॉल संघाचे बावीस स्वेटर गळ्याशिवाय विणून मोकळे झाले. गोलरक्षकाने त्यातला एक तरीही अंगात चढवला आणि तो सरळ भिंतीवर आपटला. बायको आपल्या सख्ख्या भावाला म्हणाली, "ज्याला डोकं नाही, त्याला दुसऱ्याच्या डोक्यासाठी जागा सोडायचं कसं सुचणार?"

जुना कर्नेल परत बसवण्यात माझे तीन आठवडे गेले. मी मेहुण्याला बजावले, "यापुढे यातल्या कशालाही हात लावायचा नाही," आणि बोलणे टाकले. तो रोज चहाला येत राहिला. मी वर्तमानपत्राआड बसत राहिलो.

४. हा गुन्हा मी माफ करतो. कारण असे, की गेल्या महिन्यात गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी मी दहा दिवस दवाखान्यात होतो. परत आलो तर सगळा माल तयार, गळे जागच्या जागी.

"कोणी चालवलं?" मी मुलीला विचारले.

"मेनू पाचच सेकंद थांबतो, बाबा. माझा दरवेळी निसटायचा. मग मामा रोज सकाळी सातला सायकलवरून यायचा, खालचा बाण दोनदा दाबायचा आणि जायचा."

"तिसरी ओळ कायमची पक्की करायची ना! दोन मिनिटांचं काम!"

"मी म्हटलं तसं. तर म्हणाला, दाजींनी हात लावू नको म्हणून सांगितलंय."

यावर मी बराच वेळ चष्मा पुसत बसलो.

५. सबब तिन्ही कर्नेल, मेनू, पासवर्ड आणि जुन्या कर्नेलची प्रत असलेला पेनड्राइव्ह मेहुण्याला. कोणता ठेवायचा, कोणता पुसायचा, हे तो ठरवील. मुलीने त्याचे ऐकावे.

ठिकाण: कारखान्याची मागची खोली.
तारीख: आठ, सोमवार.

साक्षीदार:
१. शेजारचे घड्याळदुरुस्तीवाले.
२. मेहुणा. (सही खोडली आहे. तो न वाचताच सही करून मोकळा झाला, तेव्हा वकीलबाई म्हणाल्या, "ज्याला काही मिळतं, त्याला साक्षीदार होता येत नाही." मग त्याने कलम पाच वाचले. "दाजी, हे मला?" मी सवयीने बायकोकडे वळून "त्याला सांग" म्हणालो, आणि थांबलो. मग त्याच्याकडे बघून म्हणालो, "तुलाच रे.")
२. बदली: त्याच वेळी दारात आलेले टपालवाले.

वरील "तुलाच रे" आम्ही दोघांनी स्वतःच्या कानांनी ऐकले, म्हणून सह्या केल्या.